फाटक्या चादरीची कारकीर्द

मराठी घरात चादर फाटते, पण घर सोडत नाही. पलंगावर असेपर्यंत ती नुसती लोळत असते. फाटली की कामाला लागते.

चादर विरते ती नेमकी मधोमध, पाठीखाली. कडा मात्र शाबूत. आमच्या सासूबाईंना हे पाहवत नसे. त्या विरलेला उभा पट्टा फाडून काढत आणि दोन्ही धड बाजू जोडून मध्ये दांड घालत. लुगड्याला दांड घालायची रीत जुनीच. त्यांनी ती डबल बेडला लावली. डबलची सिंगल होई आणि शिवण रात्रभर पाठीला टोचे. कुरकुर केली की 'फार नाजूक बाई तुमची पाठ!' हे ठरलेलं. शेवटी घरातले सगळे कुशीवर झोपायला शिकले.

दांडही विरला की बदल्या सुरू. उन्हाळ्यात गच्चीवर, वाळवणाखाली. ओल्या कापडावर घातलेल्या कुरडया वाळल्या की कापड उलटं करायचं, मागून पाण्याचा हात फिरवायचा. कुरडई अलगद सुटते. प्लास्टिकच्या कागदावरून ती आपोआप सुटते हे मान्य, पण मग निम्मी मजाही सुटते. रंगारी आला की तीच चादर फरशीवर, पावसाळ्यात स्कूटरवर, एरवी घडी होऊन इस्त्रीखाली. तिथे फोन वाजल्याच्या खुणा तपकिरी त्रिकोणात कायमच्या नोंदलेल्या असतात.

उशीच्या अभ्र्याची बुद्धी तर चादरीहून तल्लख. पंख्याच्या पात्यावर तो चढवायचा, वरून दाबून बाहेर ओढायचा. सगळी धूळ आत, डोक्यावर एक कण नाही. हे कळायच्या आधी दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्याकडे आधी पंखा पुसणे आणि मग पलंग झटकणे अशी असे.

बोहारीण मात्र चादरीला हात लावत नाही. 'चादर नको ताई, पँटी काढा,' म्हणते. बरंच आहे. नाहीतर एका स्टीलच्या डब्यापायी किती गोधड्या बुडाल्या असत्या!

गोधडी ही या साऱ्यातली सर्वांत मानाची जागा. खाली-वर जुनं लुगडं, आत चादरी-धोतरांचे थर, आणि कडेपासून आत आत येत जाणारा धावदोरा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही अशाच कडेपासून आत शिवत जातात. त्यांच्या गोधडीच्या, म्हणजे कवंदीच्या, चारी कोपऱ्यांना चिंध्यांची त्रिकोणी फुलं असतात. फुलं नसतील तर ती कवंदी म्हणे नागडी! जुन्या कापडाची एवढी अब्रू राखणारी माणसं मला फार आवडतात.

हे सगळं सुती चादरीचं. सूत धुऊन धुऊन मऊ होतं, पाणी पितं, टाका धरतं. हल्लीच्या गुळगुळीत पॉलिस्टर चादरी दिसायला झकास, पण फरशी पुसायला घ्या. पाणी इकडचं तिकडे ढकलतात, पीत नाहीत. इस्त्रीखाली तर घालूच नका, चिकटतील. म्हणून दुकानात चादर हातात घेतलीत की रंग, फुलं, भाव सगळं बघा. पण घेण्याआधी मनातल्या मनात तिचं फडकं करून बघा. फडकं चांगलं होणार असेल तरच पैसे द्या.