हात न लावता हस्तकौशल्य

दहावीनंतरचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा आयटीआयमधला ट्रेड मुळात हातांचा. म्हणूनच काही संस्था विद्यार्थ्यांच्या हातांना फार जपतात. साठ-चाळीसचे सोल्डर वितळते १९० अंशांच्या आसपास; म्हणजे चटका आलाच. त्यापेक्षा सोल्डरिंग आयर्नची सुबक आकृती जर्नलमध्ये काढावी, भागांना नावे द्यावीत, सही घ्यावी. धूर नाही, फोड नाही, गुण मात्र पूर्ण.

तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार ओहम, हे पोरांना तोंडपाठ असते. पुढेमागे एखादा रेझिस्टर भेटलाच तर ओळख पटावी. ऑसिलोस्कोप कपाटात, कपाटाला कुलूप, किल्लीवाले रजेवर. खंडेनवमीला तो बाहेर येतो, हळदकुंकू स्वीकारतो आणि परत आत जातो.

लेखी परीक्षा संगणकावर पर्याय निवडून होते, ही सोय प्रात्यक्षिकालाही लागू करावी. प्रश्न : जळालेला कपॅसिटर कसा बदलाल? अ) काळजीपूर्वक, ब) नियमानुसार, क) सरांना विचारून, ड) वरील सर्व.

कंपन्याही समंजस आहेत. ‘फ्रेशर पाहिजेत, अनुभव दोन वर्षे’, एवढीच त्यांची माफक अट.

यंदा पूजेत नारळाचे पाणी ऑसिलोस्कोपात गेले आणि तो बंद पडला. संस्थेने रीतसर दरपत्रके मागवली. दुरुस्तीला आला तो कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानातला नववी नापास पोरगा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी हाताची घडी घालून त्याचे काम लांबून पाहिले आणि जर्नलमध्ये नोंद केली : प्रात्यक्षिक क्रमांक १.