बर्मिंगहॅमचे कमिशनर आणि आपला घरटॅक्स

भिंतीलगतच्या बाजेवर मुंगवड्या घालत होते, तर पलीकडून शेजारच्या नानांचं डोकं वर आलं. एजी ऑफिसातून रिटायर झाले तरी ऑडिट काही सुटलं नाही त्यांचं.

“वहिनी, पोरीचा फोन होता बर्मिंगहॅमहून. कौन्सिल टॅक्सच्या नावानं बोटं मोडून राहिली. तिथल्या महापालिकेवर वरच्या सरकारनं कमिशनर बसवले होते नं.”

“काऊन जी? नगरसेवक नाहीत तिथं?”

“आहेत नं, तीच तर गंमत. 5 सप्टेंबर 2023 ले महापालिकेनं 114 कलमाची नोटीस काढली. म्हणजे तिजोरीत खडखडाट, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. महिन्याभरात लंडनहून कमिशनर हजर. नगरसेवक खुर्चीवर, पण चाव्या यांच्या हातात. पुढच्याच वर्षी टॅक्स दहा टक्के वाढला, रस्त्यावरचे दिवे मंद करायचं ठरलं.”

“पण बुडाली कशी एवढी मोठी महापालिका?”

“बायांमुळे.”

वडीचं पीठ बोटांतच राहिलं माझ्या. नानांनी घाईघाईनं खुलासा केला. कचरा उचलणाऱ्या पुरुषांना बोनस मिळायचा, आणि स्वयंपाक, साफसफाई, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायांना त्याच तोलाच्या कामाला काही नाही. बाया कोर्टात गेल्या, 2012 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टातही जिंकल्या. तेव्हापासून एक अब्ज पौंडांच्या वर मोजूनही देणं उरलंच होतं. वरून कॉम्प्युटरची नवी यंत्रणा फसली, तो खर्च वेगळाच.

“मग बायांमुळे नाही, बायांचे पैसे दाबून ठेवल्यामुळे,” मी म्हटलं. यावर नानांनी ताबडतोब विषय नागपूरवर आणला. हरले की गाव बदलायचं, ही त्यांची जुनी खोड.

“आपल्याकडे दिल्ली असा माणूस पाठवू शकते काय, नाना?”

“नाही. महापालिका राज्याचा विषय. बरखास्त करायची तर मुंबई करते, अन् तेव्हाही 74व्या घटनादुरुस्तीप्रमाणे सहा महिन्यांत निवडणूक घ्या लागते.”

“सहा महिने? आपल्याकडे मार्च 2022 मध्ये प्रशासक बसला तो उठायचं नावच घेईना!”

“ते बरखास्तीचं नव्हतं, मुदत संपली होती. मुदतीच्या आतच निवडणूक व्हायला पाहिजे होती खरं तर. पण ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात लटकला.”

21 फेब्रुवारी 2017 ला आम्ही मत दिलं, त्यानंतर थेट 15 जानेवारी 2026 ला. पहिल्या मताच्या वेळी पहिलीत असलेला माझा नातू दुसऱ्या मताच्या वेळी दहावीला होता.

“आता ऐका,” नाना भिंतीवर कोपर टेकून म्हणाले. “बर्मिंगहॅमचे पैसे संपले म्हणून वरून माणसं आली. आपल्याकडे निवडून आलेली माणसं नव्हती म्हणून वरचे पैसे अडले. पंधराव्या वित्त आयोगाची अटच तशी होती. राज्यातल्या कितीतरी पालिकांचं अनुदान त्यातच अटकलं. त्याच्या आणखीही अटी होत्या. हिशेब ऑनलाइन टाका, घरटॅक्सचे किमान दर ठरवा, अन् राज्याचं उत्पन्न वाढते त्या मानानं वसुली वाढवून दाखवा.”

“म्हणजे माझ्या घरटॅक्सची दोरी दिल्लीत?”

“स्वतःचं आहेच काय महापालिकेजवळ? एप्रिल 2013 मध्ये जकात गेली.”

ते मला चांगलं आठवतं. नाक्यावर ट्रकांची ही रांग, आणि गावाहून धान्याचं पोतं आणायचं तरी जीव वरखाली. जकात गेली तेव्हा आम्ही खूश. त्याच पैशावर दिवाबत्ती चालते, हे कोणाच्या डोक्यात होतं! तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला, व्यापाऱ्यांनी शटरं खाली ओढली. ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तोही माफ झाला. जुलै 2017 मध्ये जीएसटी. तेव्हापासून महापालिका दर महिन्याला मुंबईहून येणाऱ्या भरपाईची वाट पाहत बसते.

“न् दिल्लीची मोठी योजना आली की आपला हिस्सा भरा,” नाना म्हणाले. “जेएनएनयूआरएममध्ये, म्हणजे शहरं सुधारायच्या योजनेत, केंद्राचे पन्नास टक्के होते, राज्याचे वीस, महापालिकेचे तीस. फोटो पन्नासवाल्याचा, कर्ज तीसवाल्यावर.”

हे वाक्य त्यांनी आधीही कुठेतरी वापरलेलं असणार, इतकं घासूनपुसून आलं.

“लंडनवाल्यांनी निदान माणूस तरी पाठवला, नाना. त्याच्याशी भांडता येते. अटीशी कसं भांडावं?”

“आता आपल्या प्रभागाले नगरसेवक आहेत नं. विचारा त्यायले.”

“चार आहेत. कोणाले विचारू?”

“जो बजेटचं पुस्तक उघडून आला असंन, त्याले.”

“मंग राहूच द्या.”