पेल्यातलं पान

थिअरीवाला हा प्राणी साधारण एकोणीस ते चौतीस या वयात आढळतो. शिक्षण बहुधा इंजिनिअरिंगचं, पूर्ण किंवा एटीकेटीसह. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर डोळे वटारलेला एक जपानी पोरगा आणि बॅगेला लोंबणारं त्याच पोराचं किचेन. इथपर्यंत तो आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारी इतर मुलं यांत फरक कळत नाही. तो तोंड उघडल्यावर कळतो. इतर मुलांना विचारलं, "काय रे, हे 'हंटर हंटर' म्हणजे काय?" तर ती सांगतात, गॉन नावाचा एक मुलगा बापाला शोधायला घराबाहेर पडतो, त्याची गोष्ट. थिअरीवाला आधी तुमच्याकडे बघतो, मग दार लोटलेलं आहे ना ते बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "काका, ती बापाला शोधायची गोष्ट आहे असं दाखवलंय."

त्या 'दाखवलंय'नंतर शहाण्या माणसाने उठावं. पण तेवढ्यात त्याची आई चहा टाकते आणि आपण अडकतो. (नावातल्या दोन हंटरांच्या मध्ये एक फुली छापलेली असते, ती उच्चारायची नसते. का नसते, यावर त्याची स्वतंत्र थिअरी आहे. तिला अख्खा रविवार लागतो.)

आमच्या इमारतीत या जातीचा एक उत्तम नमुना दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्यामुळे मला हे सगळं माहीत झालं, माझी इच्छा नसताना. योशिहिरो तोगाशी या गृहस्थांनी ही मांगा १९९८च्या मार्चमध्ये 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात सुरू केली. तिच्यात 'नेन' नावाची शक्ती आहे. ती प्रत्येकात असते, जागी करावी लागते आणि तिचे सहा प्रकार आहेत. एन्हान्सर असलेलं बळ वाढवतो. ट्रान्सम्यूटर आपल्या शक्तीला दुसऱ्याच कशाचे तरी गुण देतो, विजेचे किंवा रबराचे. एमिटर ती अंगापासून लांब फेकतो. कॉन्ज्युरर हवेतून वस्तू हजर करतो. मॅनिप्युलेटर दुसऱ्याला आपल्या तालावर नाचवतो. आणि ज्याचं काहीच या पाचांत बसत नाही तो स्पेशलिस्ट. हे सहा एका षटकोनाच्या सहा टोकांवर मांडलेले असतात. स्वतःचा प्रकार शंभर टक्के साधतो, शेजारचा ऐंशी, त्यापुढचा साठ, समोरचा चाळीस. हा षटकोन आमचा थिअरीवाला कशावरही काढू शकतो. वीजबिलाच्या पाठीवर काढतो, लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली काढतो. एकदा लिफ्टच्या आरशावर बोटाने काढला होता, तो पुसायला वॉचमन तयार नव्हता. त्याला वाटलं, कुणीतरी काहीतरी केलंय.

आपला प्रकार कोणता, हे ओळखायची मांगात एक परीक्षा आहे. पेला काठोकाठ पाण्याने भरायचा, वर एक पान सोडायचं, दोन्ही हात पेल्याभोवती धरून शक्ती लावायची. पाणी वाढून सांडलं तर एन्हान्सर. चव बदलली तर ट्रान्सम्यूटर. रंग बदलला तर एमिटर. पान हललं तर मॅनिप्युलेटर. पाण्यात गाळ आला तर कॉन्ज्युरर. याखेरीज दुसरंच काही घडलं तर स्पेशलिस्ट. ही परीक्षा आमच्या नमुन्याने स्वयंपाकघरात घेतली. पान तुळशीचं होतं, त्यावरून आईशी झालं ते झालंच. हात धरून तो वीस मिनिटं उभा राहिला. पाणी वाढलं नाही, गढुळलं नाही, पान जागचं हललं नाही. कुणीही म्हणालं असतं, प्रयोग फसला. थिअरीवाला म्हणाला, "पाच प्रकारांतलं एकही लक्षण नाही. म्हणजे मी स्पेशलिस्ट."

इथे नोंदवून ठेवतो की मी आजवर भेटलेला प्रत्येक थिअरीवाला स्पेशलिस्टच निघालेला आहे. मांगात हा प्रकार सर्वांत दुर्मीळ. आमच्या पिन कोडात तो गल्लोगल्ली सापडतो.

पण स्वतःचा प्रकार ही नुसती पायरी. खरं काम पुढे असतं: हे सहाच का? 'लेखकाला सहा सुचले' हे उत्तर ज्याला पुरतं तो वाचक. थिअरीवाल्याला ते ऐकून शारीरिक त्रास होतो. बौद्धांच्या सहा गती त्याने केव्हाच जुळवून टाकल्या होत्या. मग एका एकादशीला आजीच्या शेजारी कीर्तनाला बसला असताना बुवांनी षड्रिपू काढले आणि याच्या अंगावर काटा आला. घरी येऊन रात्री दोनपर्यंत वह्या. मॅनिप्युलेटर म्हणजे लोभ. एमिटर म्हणजे क्रोध. ट्रान्सम्यूटर म्हणजे मोह, कारण मोह म्हणजे एक दिसतं आणि असतं भलतंच. एन्हान्सरला मद दिला. मत्सर कुठे बसेना, तो कॉन्ज्युररच्या गळ्यात घातला. उरलेला काम स्पेशलिस्टकडे गेला आणि ते आईला सांगायचं कसं, या प्रश्नावर संशोधन थांबलं.

थांबलं म्हणजे विषय बदलला. या मांगात नेतेरो नावाचा एक म्हातारा आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी तो डोंगरात जातो आणि रोज दहा हजार वेळा हात जोडून, कृतज्ञतेने एकेक ठोसा मारतो. सुरुवातीला दहा हजार व्हायला अठरा तासांहून जास्त लागतात. वर्षं जातात, आणि एक दिवस तेच काम तासाभरात उरकतं. पुढे त्याच्या पाठीशी अनेक हातांची प्रचंड कान्नोन उभी राहते. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. आता इथे थिअरीवाल्याचं पाऊल खरोखरच पक्क्या जमिनीवर पडतं, कारण कान्हेरीच्या एक्केचाळीस नंबरच्या लेण्यात अकरा तोंडांचा, चार हातांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे आणि तसा भारतात क्वचितच कुठे आहे. बोरिवलीहून एवढ्याशा अंतरावर आपल्या शक्तीचा उगम आहे हे कळल्यावर त्याने सगळ्या मित्रमंडळाला एका मे महिन्यात तिथे चढवलं. मूर्तीसमोर हात जोडून ठोसे सुरू केले. चाळिसाव्या की पन्नासाव्या ठोशाला माकडाने किचेनसकट बॅग नेली. ती मिळवायला एक वेफर्सचा पुडा आणि अर्धा तास गेला. उतरताना एका मित्राने शंका काढली की मांगातल्या मूर्तीला हात पुष्कळ, हिला चारच. "बाकीचे हायेटसवर आहेत," थिअरीवाला म्हणाला.

हायेटस हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा शब्द. कारण तोगाशी मध्येच थांबतात. पाठीचं दुखणं आहे, बसून चित्र काढवत नाही. २०१८च्या नोव्हेंबरात ३९० वा चॅप्टर आला आणि ३९१ वा आला २०२२च्या ऑक्टोबरात. मधली जवळजवळ चार वर्षं सामान्य वाचक हळहळला, काही जणांनी लग्नं केली, काही दुसऱ्या मांगांकडे गेले. थिअरीवाल्याला मात्र ही सुगी. गोष्ट पुढे सरकत असली की थिअरीला दर आठवड्याला परीक्षा द्यावी लागते. गोष्ट थांबली की थिअरीला कुणी हात लावू शकत नाही. २०२२च्या मे महिन्यात तोगाशींनी ट्विटरवर खातं उघडून एका अपुऱ्या पानाचा तुकडा टाकला, तेव्हा याने कोपऱ्यातल्या चार रेषा इतक्या मोठ्या केल्या की मॉनिटरवर फक्त कागदाचे तंतू दिसत होते. तंतूंतही त्याला एक वळण सापडलं.

आता कुणी म्हणेल, लेखकच सांगून टाकतात की, अर्थ-बिर्थ काही नव्हता. सांगतात. 'जोजो' या मांगाचे हिरोहिको अराकी यांनी १९८९मध्ये आपल्या पात्रांच्या शक्तींना टॅरोच्या बावीस पत्त्यांची नावं द्यायला सुरुवात केली. पत्ते संपले, शत्रू संपेनात. तेव्हा त्यांनी नऊ इजिप्शियन देव आणले आणि पुढच्या भागांत परदेशी गायक आणि बँडांची नावं. 'इव्हँजेलियन' या जपानी कार्टून मालिकेतल्या क्रुसांवर जगभर निबंध लिहिले गेले आणि उपदिग्दर्शक त्सुरुमाकी सांगून मोकळे झाले की ते दिसायला झकास होते म्हणून घेतले. हंटरमधला हिसोका हा क्रूर विदूषक, त्याची सगळ्यांत गाजलेली शक्ती रबर आणि गोंद दोन्हींचे गुण असलेली. तिला नाव कशाचं? त्याच्या लहानपणच्या आवडत्या च्युइंगमचं. हे मी एकदा आमच्या नमुन्यासमोर विजयाने ठेवलं. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "काका, लेखकाला कुठे माहीत असतं त्याने काय लिहिलंय." विद्यापीठांत हेच वाक्य थोडं लांबवून म्हणायला पगार मिळतो, त्यामुळे मी वाद वाढवला नाही.

शिवाय तोगाशींनी स्वतःच त्याच्या हातात एक न संपणारं अस्त्र दिलेलं आहे. नेन शिकवणारा विंग नावाचा गुरू पहिल्यांदा मुलांना जी शिकवण देतो ती चक्क थाप असते. खरी नंतर सांगतो. म्हणजे पानावर छापलेलं स्पष्टीकरणही खोटं असू शकतं. थिअरीच्या विरुद्ध मजकूर निघाला की ती विंगची थाप. बाजूने निघाला की पुरावा. आमच्या सोसायटीचे हिशेब तपासणाऱ्याला ही पद्धत कळू नये एवढीच माझी प्रार्थना.

आणि खरं सांगायचं तर कधीकधी तो बरोबर असतो, हाच खरा घोळ. मुंग्यांच्या राजाच्या लढाईत जो स्वस्त, विषारी 'रोझ' बॉम्ब फुटतो, त्याचा धूर बघून अणुबॉम्ब ज्याला आठवत नाही त्याने वाचूच नये. तिथे प्रतीक शोधायला भिंग लागत नाही. 'वन पीस' या दुसऱ्या मांगात पंचवीस वर्षं नायक लूफीचं रबरी अंग हे रबरी फळाचं देणं होतं आणि २०२२मध्ये १०४४ व्या चॅप्टरमध्ये कळलं की ते फळ मुळात सूर्यदेव निकाचं. त्या दिवशी आमच्या नमुन्याने सुट्टी टाकली. दिवसभर गच्चीवर फेऱ्या मारत लोकांना फोन करत होता, "बोललो होतो की नाही?" तो निकाबद्दल कधीही काही बोलला नव्हता. पण जातभाई बरोबर निघाले, यश वाटून घेतलं.

त्याचा खरा वैरी म्हणजे दुसरा थिअरीवाला. आमच्याकडे असा एक चौथ्या मजल्यावर आहे. त्याचं म्हणणं साधं आहे आणि म्हणून असह्य आहे. जपानात रक्तगटावरून स्वभाव सांगायचा मोठा नाद आहे. मासाहिको नोमी यांच्या १९७१च्या पुस्तकाने तो घरोघर नेला. हिसोका मांगात सहा प्रकारांवरून सहा स्वभाव सांगतो, ती त्याच नादाची टिंगल आहे, बाकी काही नाही. मला स्वतःला हे पटतं. दुसऱ्या मजल्याने चौथ्या मजल्याशी तेव्हापासून अबोला धरलाय. पाण्याची टाकी भरल्याचा निरोपसुद्धा तिसऱ्या मजल्यामार्फत जातो.

टिंगल असो की नसो, ते सहा स्वभाव आजीच्या हाती लागले. नातवाने तिला समजावले: एन्हान्सर साधे आणि ठाम, ट्रान्सम्यूटर लहरी आणि थापाडे, एमिटर तापट, कॉन्ज्युरर सतत धास्तावलेले, मॅनिप्युलेटर तर्काने आणि आपल्या चालीने चालणारे. आजीने चष्मा लावला. "राशींपेक्षा बरंय," म्हणाली, "बारा कुणी लक्षात ठेवायच्या." दुपारच्या झोपेआधी तिने सगळी इमारत बसवून टाकली. दूधवाला पहिल्यातला. चेअरमन तापट, तो तिसऱ्यातला. आमची ही चौथ्यातली, गॅस बंद केलाय का बघायला जिन्यातून परत जाते म्हणून. मला मॅनिप्युलेटर दिलं, ते मी कौतुक म्हणून घेतलं.

"आणि मी, आजी?"

"तू दुसऱ्यातला."

"मी स्पेशलिस्ट आहे. सहावा."

"त्याचं लक्षण काय?"

"स्वतंत्र वृत्ती. आणि व्यक्तिमत्त्वाची छाप पडते लोकांवर."

आजीने पलंगावर पडलेल्या त्याच्या ओल्या टॉवेलकडे पाहिलं. "दुसऱ्यातलाच," म्हणाली.

नातवाने तो घाव पचवला आणि विषय लेखकाकडे नेला. २०२३मध्ये तोगाशींनी एका टीव्ही कार्यक्रमाला पत्र पाठवलं. आपल्या डोक्यात गोष्टीचे चार शेवट आहेत, त्यातला चौथा आत्ताच सांगून टाकतो, पुरी करण्याआधी मी गेलो तर हाच धरा, असं कळवलं. "म्हणजे बघ आजी, तो त्यांनी बाद केलेला शेवट आहे. खरा शेवट उरलेल्या तिनांत आहे. मी तिन्हींवर काम करतोय."

"पाठ दुखते ना रे त्यांची?"

"हो."

"शेकतात का?"

"ते मांगात नाहीये, आजी."

आजी थोडा वेळ सुपारी कातरत राहिली. "मी साडीच्या दुकानात गेले ना," ती म्हणाली, "की मनात भरलेली साडी आधी बाजूला टाकते. ही नको म्हणते. मग तासभर बाकीच्या बघते. दुकानदाराला पत्ता लागत नाही, आणि शेवटी ती नकोवालीच घेऊन येते."

थिअरीवाल्याचा हात वीजबिलाकडे गेला, पेनाचं टोपण निघालं. त्याने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग उठून दार लोटून आला.

"आजी," आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे तू चौथ्या मजल्यावर कुणाला बोलली नाहीस ना?"