टोळी कुणी पाहिली?

2020च्या एप्रिलमध्ये पालघरच्या आदिवासी पट्ट्यात एक टोळी फिरत होती म्हणे. रात्री येते, पोरं उचलते, किडन्या काढते. कुठल्या पाड्यावरचं पोर गेलं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तरी लोक काठ्या घेऊन राखणीला बसले होते. टाळेबंदी होती, रस्ते बंद होते, बातमी फक्त फोनवरून येत होती.

16 एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यात सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना ठार मारलं. हा खूनच आहे. अफवेनं त्याचं कारण कळतं, पाप धुतलं जात नाही.

खऱ्या मारेकऱ्यांचा तपास सुरू होता, तोवर वाहिन्यांवर दुसरी टोळी तयार झाली. तिला धर्म चिकटवला गेला. शेवटी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, असं सांगावं लागलं. मग आदिवासी तेवढा रक्तपिपासू, अशी चर्चा रंगली. गावच्या सरपंच बाईंनी जमावाला अडवायचा प्रयत्न केला होता. ती गोष्ट सांगायला किती अँकरांना वेळ मिळाला?

त्याच्या दोन वर्षं आधी, 1 जुलै 2018 ला, धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात हेच घडलं होतं. पाच नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. बाजाराच्या दिवशी आले, एका मुलीशी बोलले म्हणून संशय आला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना जिवे मारलं. त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं पोर उचलतात. तो कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ जाहिरातीत ते दोघे पोर परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. कुणीतरी तेवढाच भाग कापून टाकला. गुन्हेगार असा कात्रीनं घडवता येतो.

आणि पोरं खरोखर गेली, तेव्हा? 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या आमच्या वावर-वांगणीत बालकं कुपोषणानं दगावली. मंत्री आले, गाड्यांचे ताफे आले, योजना आल्या. 2016 मध्ये मोखाड्याच्या खोचमध्ये पुन्हा तेच. रोजगार हमीची थकलेली मजुरी, डॉक्टर नसलेलं आरोग्य केंद्र, पावसाळ्यात तुटणारी वाट, भाकरीसाठी भिवंडी-वसईला गेलेलं कुटुंब: यातल्या कशालाच दाढी नाही, पोतं नाही, काळी गाडी नाही. म्हणून त्याचा व्हिडिओ होत नाही आणि त्याच्यासाठी राखणीला कुणी बसत नाही.

वाहिन्यांना चेहरा हवा असतो, हे समजतं. आपल्याला का हवा असतो? टोळी आल्याचा पुढचा मेसेज येईल तेव्हा पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा: पोर कुठल्या पाड्याचं, नोंद कुठल्या ठाण्यात? उत्तर नसेल तर तो मेसेज पुढे जाता कामा नये. आणि अंगणवाडीत या महिन्यात किती पोरांची वजनं घटली, हेही त्याच ग्रुपवर विचारा.