मूळ गावचा सातबारा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणताना आपण आफ्रिकेला जागाच ठेवली नाही. ती ठेवावी लागेल. कुळाचाराला मूळ गावी जायचे हा दंडक परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीत खरा असेल, तर पिंगळीकराने केनियातल्या सिबिलोई राष्ट्रीय उद्यानाची वाट धरावी. तुर्काना सरोवराच्या पूर्वेच्या या वाळवंटात, कूबी फोरा भागात, १९७२ साली बर्नार्ड न्गेनेओ यांना आदिमानवाची कवटी सापडली. तुकडे दीडशेच्या आसपास. नाव नाही, नुसता क्रमांक, १४७०. सातबाऱ्यावरचा गट नंबरच म्हणा. आता सातबारा आला की मोजणीचा वाद आलाच. कवटीच्या वरच्या थरातल्या ज्वालामुखीच्या राखेचे वय आधी २६ लाख वर्षे ठरले. त्यावर हरकत आली, प्रकरण वर्षानुवर्षे चालले, साक्षीला चक्क डुकरांचे दात उभे राहिले. कारण तसल्याच दातांची डुकरे शेजारच्या ओमो खोऱ्यात बऱ्याच अलीकडच्या थरांत निघाली होती. अखेर राख सुमारे १९ लाखांवर उतरली. आपली भावकी वीतभर बांधावरून कोर्टात जाते. तिथे सात लाख वर्षे इकडची तिकडे झाली आणि कोणाचे डोके फुटले नाही. (होते ते आधीच फुटलेले.)

कोणी म्हणेल, कवटी तर नैरोबीच्या संग्रहालयात, मग उन्हात जाऊन बघायचे काय? पंढरीत रांग लांबली की कळसाला हात जोडून परतणाऱ्यांच्या तोंडी हा आक्षेप शोभत नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ साली अरुण सोनकिया यांना कवटी मिळालीच, ते जवळ नाही का? जवळ आहे, पण तिथे एक कवटी आणि मोजकी हाडे. तुर्कानाकाठी गाळ आणि राख थरावर थर साचत गेली. गाळाने हाडे जपली, राखेने तारखा दिल्या, अख्खे दप्तरच तयार झाले. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिला गेल्या वर्षीचा बांध सांभाळवत नाही.

ऊन, धूळ, रस्ता या अडचणी पिंगळीकराला सांगूच नयेत. सरोवराचे पाणी मचूळ आणि मगरींनी भरलेले, एवढे मात्र ध्यानात असावे. तेही आटण्याची भीती आहे : इथिओपियाने वर ओमो नदीवर धरण बांधले, आणि २०१८ साली युनेस्कोने तुर्कानाची उद्याने धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली. वरच्यांनी पाणी अडवले म्हणजे काय होते, हे जायकवाडीकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला समजावायला तिथे दुभाषा लागणार नाही.