दरमहा दहा टक्के

बँकेच्या वर्षाच्या व्याजाला नाक मुरडणाऱ्यांना ‘गेनबिटकॉइन’ या बिटकॉइन गुंतवणूक योजनेने महिन्याला दहा टक्के कबूल केले, तेही सलग 18 महिने. द्यायची वेळ आली तेव्हा हातावर ‘एमकॅप’ टेकवले: नाणे घरचे, भावही घरचाच. 2018मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला पकडले. तपासाला तज्ज्ञ नेमले. त्यातले एक माजी आयपीएस. 2022मध्ये तज्ज्ञांनाच अटक झाली. आरोप, आरोपींचेच आभासी चलन परस्पर वळवल्याचा. कुंपणाने शेत खाणे जुनेच. इथे शेतही आभासी! बिटकॉइनची ख्याती अशी की मधला माणूस लागतच नाही. इथे मात्र एजंट, त्याखाली एजंट, त्याखाली मेव्हणा. तंत्रज्ञान विकेंद्रित, तोटा त्याहून विकेंद्रित; नफा तेवढा एकाच खिशात.