पाडव्याची सीटीसी

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे एका दिवसात सेवानिवृत्त झाले. त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली की नाही, कळलेलं नाही. पुण्या-मुंबईतल्या एचआरवाल्यांची झोप मात्र तेव्हापासून उडाली आहे. मूळ पगार चिमूटभर आणि भत्ते ढीगभर, हा त्यांचा जुना हातखंडा. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम वेतनातच धरायची, आणि वेतन फुगलं की ग्रॅच्युइटीही फुगते.

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला या जादूचं फारसं कौतुक नसावं. तिथल्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल बाबांनी दगड केला, ते गयावया करू लागल्यावर वाळल्या पानांतून नवा उभा करून दिला, अशी कथा सांगतात. टेकडीवरचे गोल खडे तिची साक्ष. पगाराचे भत्ते करणाऱ्यांना पहिला अर्धा चमत्कार जमला होता, दुसऱ्यासाठी संसदेला यावं लागलं.

पण खरी पंचाईत आहे ती सालदाराची.

विदर्भात सालदार ठरतो गुढीपाडव्याला. वर्षाचा आकडा, सोबत धान्य, कपडे, थोडी उचल. मान हलली की करार झाला. आता वेतन संहिता म्हणते, मजुरीचा कालावधी दिवस, आठवडा, पंधरवडा किंवा महिना असावा, महिन्याच्या वर तर नाहीच. म्हणजे ‘सालदार’ हा हुद्दाच बेकायदा! आणि धान्य-कपडे मजुरीत धरायचे ते एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच. ज्वारीचं पोतं मापताना मालकाने आता टक्केवारीचंही माप ठेवावं.

कामाच्या तासांचं तर विचारूच नका. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्याला मंजुरी दिली आणि शहरात गदारोळ झाला. सालदाराला यात नवं काय? पहाटे गोठा, दिवसभर वावर, वीज आली की रात्रीचं ओलित आणि रानडुकरं फिरत असली तर जागल. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर, असंही संहितेत लिहिलं आहे. मचाणावर बसून डबा वाजवल्याचा दुप्पट दर मागणारा सालदार जन्मायचा आहे, आणि देणाऱ्या मालकाचं तर नावच नको.

नोकरी सोडली तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा, हे आणखी एक. गावाकडे सालदाराने भर पेरणीत काम सोडलं, तर हिशेब कापूस विकल्यावर होतो आणि तोवर निघालेली उचल पाहता बहुधा सालदाराकडूनच येणं निघतं.

तरीही शेतकरी मालकांनी हबकून जाऊ नये. कायदे करणाऱ्यांना त्यांची काळजी आहे. शेतीत पाचपेक्षा जास्त माणसं कामाला नसतील, तर नोंदवही नको, सूचनाफलक नको, पगाराची पावतीही नको. फक्त मागितल्यावर मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवायचा. कागद ठेवायची सक्ती नाही, दाखवायची मात्र आहे. हा पुरावा मागायला येणारा पूर्वीचा साधा निरीक्षक नव्हे. तो आता निरीक्षक-नि-सुलभकर्ता झाला आहे. एका हाताने पकडायचं, दुसऱ्याने समजवायचं.

समजा, असा एक साहेब पाडव्यानंतर गिरडच्या एखाद्या वावरात पोहोचलाच.

‘‘मजुरी दिल्याचा पुरावा?’’

मालकाने बांधावरच्या सालदाराकडे बोट दाखवलं. ‘‘हा काय उभा आहे, साहेब. विचारून घ्या.’’

सालदाराने आधी मालकाकडे पाहिलं, मग साहेबाकडे. ‘‘भेटते न जी,’’ तो म्हणाला, आणि बैल सोडायला निघून गेला.